टाइल्स शेवटी, आधी पाण्याची वाट

पत्र:

“काका, नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. घराच्या मागच्या बाजूला सासऱ्यांनी बांधलेली न्हाणी आहे, सहा बाय पाच फुटांची, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. शहाबादी फरशी मधोमध दबली, पाणी तिथंच साचतं. भिंतींना खालून लोणा लागलाय, छपाई (प्लास्टर) हातानं सोलली तरी निघते. कोपऱ्यातला सिमेंटचा हौद झिरपतो. स्वयंपाकघराकडच्या भिंतीला तडा गेलाय. दार टिनाचं, खालून कुजलेलं. पोळ्याच्या सुमारास सासूबाई तिथंच घसरल्या, मनगट मोडलं. मुलगी आठवीत आहे, ती अंधार पडल्याशिवाय आंघोळीला जात नाही. मिस्त्री म्हणतो, सगळं पाडून नवीन करा, १ लाख ३० हजार लागतील. आमच्याकडे सोयाबीनचे आणि माझ्या बचत गटातले मिळून ५५ हजार आहेत. यांना अमरावतीच्या भावाच्या फ्लॅटसारख्या मोठ्या चकचकीत टाइल्स पाहिजेत. न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडलं तर पुढचा खर्च वाचेल, असंही ते म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘मले थे चिकनी फरशी नोको वं माय, पाय सरकते.’ वैशाखात दिराचं लग्न आहे. काय करावं?”
— एक वाचक, दर्यापूर तालुका

ताई, भिंती पाडू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून दुखणं जमिनीत आहे, आणि ते ५५ हजारांत बरं होण्यासारखं आहे. फक्त पैसा कुठे आधी घालायचा तो क्रम सांभाळावा लागेल.

पण त्याआधी दार. मुलगी अंधार पडायची वाट बघते, हे वाचून मी तिथंच थांबलो. बाकी कामाला दोन-तीन महिने लागतील, दाराला तेवढं थांबायचं कारण नाही. पीव्हीसीचं दार चौकटीसकट साधारण चार हजारांत बसतं आणि ते कुजत नाही. ते या आठवड्यातच बसवून घ्या. चौकटीचा तळ नव्या फरशीसाठी दोन-अडीच इंच वर ठेवायला सांगा आणि खालची फट तेवढ्यापुरती रबराच्या पट्टीनं बंद करा, म्हणजे नंतर दार काढावं लागणार नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगालाच अडतं आणि मदतीला आत शिरता येत नाही. आतली कडी अशी घ्या की वेळ आली तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल. आत मुलीच्या हाताला येतील असे दोन हूक, एक छोटी फळी आणि झाकणाची कचराकुंडी ठेवा. तिला महिन्यातले चार-पाच दिवस ती फळी आणि ती कुंडी टाइल्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता जमीन. तुमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. वर खोल काळी माती, खाली खारं पाणी. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतात तुम्ही दरवर्षी बघता. घराखालीही तीच माती आहे. तुमची शहाबादी फरशी बहुतेक थेट या मातीवर टाकलेली असणार. सांध्यांतून पाणी खाली गेलं, माती कधी फुगली, कधी बसली, फरशी मधे दबली, मग पाणी तिथंच साचायला लागलं आणि आणखी खाली जायला लागलं. हौदही त्यातच झिरपतोय. म्हणजे घराची बाकी जमीन उन्हाळ्यात सुकते आणि न्हाणीखालचा कोपरा बारा महिने ओला राहतो. एक बाजू फुगलेली, दुसरी आकसलेली, या ओढाताणीत मधली भिंत तडकते. स्वयंपाकघराकडचा तुमचा तडा याच कारणानं आलेला असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. नवी भिंत बांधली आणि पाणी तसंच खाली मुरत राहिलं, तर नव्या भिंतीलाही तडा जाईल.

तरी खात्री करून घ्या. तड्याची दोन्ही टोकं जिथे संपतात तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मिस्त्रीला ओळंबा लावून भिंत सरळ उभी आहे का, ते बघायला सांगा. तड्यात पेन्सिल आत शिरत असेल किंवा भिंत ओळंब्यातून सुटलेली असेल, तर पैसे खर्च करण्याआधी दर्यापूरहून एखाद्या इंजिनीअरला आणून दाखवा. तसं नसेल तर चारही भिंती राहू द्या.

काम खालून सुरू करा. फरशी जपून उखडा, ती फेकायची नाही. हौद फोडा. खालची काळी माती दीड फूट खोल काढून टाका आणि तिथे मुरूम भरा. सहा बाय पाचच्या न्हाणीला अर्धा-पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. तुमच्या पट्ट्यात मुरूम लांबून येतो, महाग पडतो, म्हणून ‘रेतीच टाकू’ किंवा ‘निघालेलीच माती परत भरू’ असा सल्ला मिळेल. ऐकू नका. या एका ठिकाणी वाचवलेले दीड-दोन हजार पुढे सगळं काम खाली बसवतात. मुरूम एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचा थर, थोडं पाणी, आणि धुम्मसानं ठोकायचा. पाय टाकला तर टाचेचा ठसा उमटायला नको, इतका. त्यावर चार इंच गिट्टी-सिमेंटचा कोबा.

उतार कोब्यातच द्यायचा. टाइल बसवताना मसाला कमी-जास्त करून दिलेला उतार चुकतो. फुटाला पाव इंच हा हिशोब धरा. दारापासून पाणी जायच्या कोपऱ्यापर्यंत सहा फूट असेल तर दीड इंच फरक. मिस्त्री नजरेनं उतार काढत असेल तर त्याला थांबवा, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं मापायला लावा. कोबा घट्ट झाल्यावर एक बादली पाणी दाराशी ओता आणि बघा. सगळं पाणी कोपऱ्याकडे गेलं पाहिजे. एखादं डबकं राहिलं तर पुढचं काम करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

कोपऱ्यात न्हाणी ट्रॅप बसवा, नुसतं भोक आणि जाळी नको. ट्रॅपच्या वळणात दोन इंच पाणी कायम उभं राहतं, त्यामुळे नालीतला वास आणि झुरळं वर येत नाहीत. बाहेर जाणारा पाइप निदान तीन इंची घ्या. केसांच्या गुंत्यानं दोन इंची पाइप लवकर तुंबतो. बाहेर भिंतीपासून दोन-तीन फुटांवर एक छोटं चेंबर करा, झाकण उचलून साफ करता येईल असं.

आता लोणा. विटा जमिनीतली ओल वर ओढतात, ओल हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्या क्षारांचे खडे छपाईच्या आत वाढतात आणि छपाईला बाहेर ढकलतात. म्हणून पुट्टी मारून, ऑइलपेंट फासून लोणा जात नाही, एका पावसाळ्यात रंगासकट गळतो. आतून छपाई तळापासून निदान चार फूट, विटा दिसेपर्यंत खरवडून काढा. जिथवर ओल दिसते त्याच्याही फूटभर वर जा. विटांचे सांधे अर्धा इंच कोरा. पांढरी पूड तारेच्या ब्रशनं कोरडीच झाडा, पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा विटेत शिरतात. मग भिंत दोन-तीन आठवडे उघडी राहू द्या, जितकी सुकेल तितकी सुकू द्या. घरातले सगळे घाई करतील. हे आठवडे मात्र सोडू नका. नंतर एकास चारची (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) छपाई, त्यात वॉटरप्रूफिंगचं कंपाउंड पाकिटावर लिहिलेल्या मापानं.

आणि आता जे सांगतो ते तुमच्या पट्ट्यात कुणी पाळत नाही आणि त्याचीच किंमत सगळे मोजतात. सिमेंट कालवायला बोअरचं खारं पाणी वापरू नका. क्षार आपणच भिंतीत भरायचे आणि मग लोणा आला म्हणून रडायचं, असं होतं ते. साधा नियम, जे पाणी पिता येतं त्यात सिमेंट कालवायचं. तुमच्याकडे शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येत असेल तर काम सुरू व्हायच्या आधीपासून दोनशे लिटरचे दोन ड्रम भरून झाकून ठेवा. एका पोत्याला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, एवढ्या कामाला दहा-बारा पोती, म्हणजे कालवायला ३६० लिटरपर्यंत भागतं. वर पाणी मारायलाही गोडंच पाणी, निदान सात दिवस, दिवसातून तीन-चार वेळा. पोती ओली करून छपाईवर टांगली तर पाणी कमी लागतं. मिस्त्री कंटाळा करेल, पाणी मारायचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या.

छपाई वाळली की वॉटरप्रूफिंगचा लेप. सिमेंटमध्ये मिसळायचा दोन भागांचा लेप मिळतो, तो घ्या. एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. सगळी जमीन, आणि भिंतीवर चार फुटांपर्यंत. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा सगळ्यात आधी फुटतो, तिथे मसाल्याची गोलाई करून मग लेप लावायचा. पाइप जमिनीतून जातो त्याच्या भोवतीही तसंच. लेप पुरता वाळला की ट्रॅपचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकनं घट्ट बंद करा, दाराशी विटेची आड घाला, दोन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारा. चोवीस तासांनी बघा. उडून जाण्यानं पाणी किंचित उतरेल, पण बोटभर उतरलं किंवा स्वयंपाकघराकडे ओल आली, तर लेप कुठेतरी फुटलाय. टाइल लावण्याआधी हे सापडलं तर दुरुस्ती शेदोनशे रुपयांची असते.

यानंतर टाइल्स. आणि इथे सासूबाई बरोबर आहेत. त्यांचं मनगट मोडलंय, त्यांच्या शब्दाला घरात सगळ्यात जास्त वजन द्या. तुमच्या यांना माझ्याकडून सांगा, फ्लॅटमधली ती दोन बाय दोनची चकचकीत टाइल बैठकीच्या खोलीत शोभते. साबणाचं पाणी पडलं की तिच्यावर तरण्या माणसाचाही पाय राहत नाही, आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग तिच्यावर सगळ्यात उठून दिसतात. जमिनीला एक बाय एक फुटाची, खरखरीत अंगाची, मॅट टाइल घ्या. छोटी टाइल उताराला नीट बसते आणि जास्त सांधे असले की पायाला पकड मिळते. दुकानात टाइलवर पाणी ओतून, चप्पल काढून, ओल्या पायानं उभं राहून बघा. सासूबाईंना सोबत नेता आलं तर फारच चांगलं.

भिंतीला छतापर्यंत टाइल लावायची गरज नाही. फ्लॅटमध्ये उभ्यानं शॉवर घेतात. तुमच्याकडे पाटावर बसून बादली-लोट्यानं आंघोळ होते, पाणी चार फुटांच्या वर फारसं उडत नाही. दार सोडून तुमच्या भिंती साडेएकोणीस फूट लांब. चार फूट उंच टाइल लावली तर ७८ चौरस फूट, सात फूट लावली तर १३६ च्या वर. हा ५८ फुटांचा फरक माल आणि मजुरी धरून पाच-सहा हजारांचा होतो. जमिनीच्या ३० फुटांसह एकूण १०८ होतात, तुटफूट धरून १२० फूट माल आणा. गुजरातेतल्या मोरबीचा लॉटमधला माल अमरावती, अकोट, दर्यापूर सगळीकडे स्वस्तात मिळतो, फक्त सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना, ते पाहून घ्या. टाइलच्या वर चुनाच लावा. चुन्यातून भिंतीची उरलीसुरली ओल बाहेर पडते, ऑइलपेंटखाली ती कोंडते.

सासूबाईंसाठी स्टेनलेस स्टीलचे दोन दांडे बसवा, एक दाराजवळ उभा, एक बसायच्या जागेजवळ आडवा, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर. नुसत्या छपाईत ठोकलेला स्क्रू माणसाचं वजन घेत नाही. जिथे दांडा यायचा तिथली वीट काढून सिमेंट-गिट्टीचा ठोकळा भरा आणि त्यात तो पक्का करा. बसल्यावर स्वतः दांड्याला लोंबकळून बघा, मगच त्यांना धरू द्या. आंघोळीला पाटाऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीचं, रबरी पायांचं स्टूल द्या. बाहेरची पायरी सहा इंचांहून उंच नको. संडासासाठी वेस्टर्न कमोडचा खर्च आत्ता करू नका. भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, तिनं त्यांचं काम भागेल.

हौद पुन्हा बांधू नका. त्याची जागा मोकळी झाली की न्हाणी आपोआप मोठी वाटते. पाण्याला झाकणाचा ड्रम ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळाचा पाइप भिंतीत गाडू नका, वरून क्लॅम्पनं बसवा. गळला तर दिसतो आणि टाइल न फोडता दुरुस्त होतो. लोखंडी पाइप आणि चमकणारे नळ खारं पाणी खाऊन टाकतं, प्लास्टिकचे पाइप आणि प्लास्टिकचे नळ स्वस्त पडतात आणि टिकतात.

विजेचं एक काम न विसरता करा. थंडीत बादलीत रॉड टाकून पाणी तापवत असाल तर न्हाणीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आणि रॉडचं बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय पाण्यात कुणीही हात घालायचा नाही. इथे पैसे वाचवू नका.

आता संडासाच्या खड्ड्याचा विषय. न्हाणीचं पाणी त्यात अजिबात सोडू नका. तुमचा संडास १२ हजारांच्या अनुदानातला दोन खड्ड्यांचा असेल तर तो फक्त मैला आणि त्यासोबतच्या दोन-चार लिटर पाण्यासाठी आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं दोनशे लिटर पाणी रोज त्यात गेलं, तर काळी माती ते शोषणार नाही, खड्डा काही महिन्यांत भरेल, मैल्याचं खत होणार नाही आणि ऐन पावसाळ्यात तो वर येईल.

मग पाणी न्यायचं कुठे? गावात बांधलेली नाली घराजवळून जात असेल तर चेंबरमधून पाइपनं तिला जोडा. नसेल तर शोषखड्ड्याचं मनात येईल. रोजगार हमीतून वैयक्तिक शोषखड्डे झाले आहेत, सध्या होतात का ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. पण खणण्याआधी आवारात तीन फूट खोल भोक पाडा, एकदा पाणी भरून मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात किती उतरतं ते बघा. दोन-तीन बोटंही उतरलं नाही तर नेहमीचा चार बाय चार बाय चारचा खड्डा तुमच्याकडे चालणार नाही. अशा जमिनीत चेंबरनंतर भोकं पाडलेला पाइप गिट्टीच्या चरातून आवारात फिरवा आणि दोन्ही बाजूंना कर्दळ लावा. केळीचा मोह होईल, पण खाऱ्या पाण्यावर केळ धरत नाही, नारळ धरतो. चर घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब हवा, बोअर किंवा विहीर असेल तर तिच्यापासून आणखी लांब.

उखडलेल्या शहाबादी फरशीचं सांगतो. आधी तिचा आवारात एक ओटा करा, भोवती टिनं किंवा ताडपत्री लावा, काम चालू असेपर्यंत सगळ्यांची आंघोळ तिथे होईल. नवं दार तात्पुरतं तिथे हलवता आलं तर मुलीची सोय होईल. काम संपलं की तीच फरशी न्हाणीच्या बाहेरून भिंतीच्या बुडाशी दोन-अडीच फूट रुंद, बाहेर उतार देऊन बसवा. पावसाचं पाणी पायात मुरायचं थांबतं, आणि तड्याला ते औषधच आहे. पेन्सिलीच्या रेघांपुढे तडा एका पावसाळ्यात सरकला नाही, की मग तो भरून घ्या.

पैशांचा माझा हिशोब असा. तोडफोड, मुरूम, रेती-गिट्टी-सिमेंट, पाइप, चेंबर आणि लेप यांत साडेतेवीस हजार. छपाई-कोब्याची मजुरी आठ. टाइल्स माल-मजुरीसह साडेनऊ-दहा. दार चार, दांडे-नळ अडीच, वीज तीन. एक्कावन्नपर्यंत जातं. उरलेले चार हजार बाजूला ठेवा, जुन्या कामात काहीतरी निघतंच. भाव तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. कमी पडले तर भिंतीच्या टाइल्स कापसाचे पैसे येईपर्यंत थांबवा, लेपावर पातळ छपाई करून न्हाणी वापरता येते. टाइल्ससाठी बचत गटातून कर्ज काढू नका.

वेळ आत्ताच आहे. डिसेंबरात उखडा, जानेवारीत भिंत सुकू द्या आणि छपाई करा, फेब्रुवारीत टाइल्स. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत सिमेंट पाणी पिण्याआधीच सुकून जातं आणि तेव्हा नळालाही पाणी कमी असतं. मिस्त्रीला तोडफोड आणि मुरुमाचं काम रोजीनं द्या, टाइल्स चौरस फुटावर. ठेका एकदम दिला तर ठोकायचे थर आणि सुकायचे दिवस आधी कापले जातात. माल तुम्ही स्वतः आणा, बिलं एका वहीत लावा. सुरुवातीलाच सर्वांसमोर ठरवून घ्या की त्याच्या मजुरीतले पाच हजार शेवटी मिळतील: टाइल्स झाल्यावर पुन्हा एकदा ट्रॅप बंद करून चोवीस तास पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी बोळा काढायचा, आणि दाराशी ओतलेली बादली कुठेही न थांबता कोपऱ्यात गेली की त्याच्या हातात पैसे द्यायचे.